बिल्ला आणि पट्टी

खोपटच्या एसटी स्टँडजवळच्या आमच्या वस्तीत पितळ दोनच ठिकाणी चमकायचं. आयच्या तांब्यावर आणि माझ्या एन.सी.सी.च्या टोपीवर. तांब्याला राख, बिल्ल्याला ब्रासो. ब्रासो संपला की बिल्ल्यालाही राखच.

बिल्ल्याचा अर्थ परेडवर कुणी सांगितला नाही. सावधान, विश्राम, दाहिने मुड, एवढंच. तो नंतर वाचून कळला. राष्ट्रीय छात्र सेना १९४८ च्या कायद्यानं निघाली. तिचा आजचा झेंडा १९५४ चा. तांबडा पट्टा भूदलाचा, गडद निळा नौदलाचा, फिका निळा हवाईदलाचा. मधी सोनेरी बिल्ला, भोवती कमळांचं कडं. कमळं सतरा, कारण संचालनालयं सतरा. ब्रीद १९८० ला ठरलं : एकता और अनुशासन.

निळा रंग वस्तीच्या ओळखीचा. बाप म्हणायचा, तीनातले दोन पट्टे आपलेच की. आणि कमळ चिखलातून वर येतं हे तर विहारात ऐकलेलं. आम्हाला तो बिल्ला परका वाटला नाही.

पण त्याच गणवेशावर, छातीवर, आडनावाची पट्टी असते. बिल्ला सगळ्यांचा एकच, पट्टी ज्याची त्याची. कॅम्पात जेवायला बसलो तेव्हा शेजारच्यानं माझा बिल्ला बघितला नाही. पट्टी वाचली. ताट उचललं आणि पलीकडं सरकला. बोलला काहीच नाही. शिस्तीत सरकला.

खुणांचं राजकारण असं असतं. कोरेगावचा खांब घ्या. १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा. त्यावर बावीस महार शिपायांची नावं. १९२७ च्या १ जानेवारीला बाबासाहेब तिथं गेले. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली आणि तो खांब शिपायाच्या टोपीवर चढला. स्वातंत्र्यानंतर उतरवला. जागी खंजीर आला. खांब इंग्रजानं बांधला हे खरं. पण त्यावर मेलेली माणसं कुणाची? रेजिमेंटच्या नावात जात राहिली, आणि त्या जातीनं रक्त सांडल्याची खूण तेवढी गेली. आमची पट्टी ठेवतात, आमचा बिल्ला काढतात.

आता वस्तीतल्या पोरीही खाकी घालून परेडला जातात. जाऊ द्या. ताठ चालू द्या. फक्त त्यांना झेंड्याचे रंग सांगताना खांबाचीही गोष्ट सांगा. खूण कोण देतं, कोण काढून घेतं, हे पोरींना ठाऊक पाहिजे.

ब्रीदातले शब्द दोन. अनुशासन आम्हाला शिकवायची गरज नव्हती. रांगेत शेवटी उभं राहायची शिस्त आमच्या बापजाद्यांना पिढ्यान्‌पिढ्या होती. राहिली एकता. ती परेडच्या मैदानावर कळत नाही. ताटापाशी कळते.