सुडो लावून बघितलं

माझ्या लॅपटॉपवर विंडोज आहे, त्यात व्हर्च्युअलबॉक्स आणि त्याच्या आत उबुंटू. जुन्या पुस्तकांची पानं विंडोजवर स्कॅन करायची, उबुंटूत टेसरॅक्टकडून मजकूर काढून तो तपासायचा, असं काम चालतं. त्यासाठी दोघांत एक शेअर्ड फोल्डर हवा. गेस्ट ॲडिशन्स टाकल्या, ऑटो-माउंट निवडलं, फोल्डर दिसला. उघडायला गेलो तर ‘परमिशन डिनाइड’.

असा फोल्डर रूटच्या मालकीचा आणि ‘व्हीबॉक्सएसएफ’ ग्रुपचा असतो. त्या ग्रुपात नसलेल्याला आत प्रवेश नाही. हे बघायचं सोडून मी सीएचमॉड 777 मारला. त्याने काही होणार नव्हतं, कारण इथल्या परवानग्या माउंट करतानाच ठरतात. मग प्रत्येक कमांड सुडो लावून रूट म्हणून चालवली, आणि चाललं की! तेच नडलं. तक्रार थांबली म्हणजे दोष गेला, असं मी धरून चाललो. हळूहळू माझ्याच होममध्ये रूटच्या नावाच्या फाइली साचल्या आणि एडिटर त्या सेव्ह करू देईना.

शेवटी स्वतःला ग्रुपात घालायला बसलो. यूजरमॉडला मोठा ‘जी’ दिला, त्याच्याआधीचा छोटा ‘ए’ विसरलो. तो ‘ए’ नसला तर माणूस नव्या ग्रुपात जातो खरा, पण बाकीच्या जोड-ग्रुपांमधून बाहेर पडतो. ‘सुडो’ हा ग्रुपसुद्धा त्यातच. पुन्हा लॉगिन करून सुडो लावल्यावर उत्तर आलं की तुम्ही यादीत नाही, ही घटना कळवली जाईल. कळवणार कोणाला? या मशीनचा मालक, चालक, पहारेकरी सगळं मीच. ग्रबमधून रिकव्हरी मोडमध्ये शिरून, रूट शेल उघडून स्वतःला परत घेतलं.

एवढं झाल्यावर शहाणं व्हायला हरकत नव्हती. मी मात्र ऑटो-माउंटवरच चिडलो. चालू मशीनमध्ये जुना शेअर काढून नवा जोडला, होममध्ये एक डिरेक्टरी केली आणि एफएसटॅबमध्ये ओळ लिहिली. सोबत ‘नोफेल’ हा पर्यायही टाकला, म्हणजे माउंट झालं नाही तरी मशीन कुरकुर न करता सुरू होईल. ‘मेक पर्मनंट’वर खूण करायची राहिली. खूण नसेल तर मशीन बंद केलं की शेअर संपतो.

पुढच्या वेळी शेअर नव्हता, माउंट झालं नाही, आणि ‘नोफेल’मुळे कोणी ओरडलंही नाही. मी एडिटरमधून थेट त्या जागी तपासलेली पानं सेव्ह करत राहिलो. ती जात होती उबुंटूच्या स्वतःच्या डिस्कवर. बॅकअप विंडोजकडच्या फोल्डरचा व्हायचा, त्यात यातलं एकही पान नाही. कळलं तेव्हा घाईघाईने शेअर पुन्हा जोडला, आणि आता तर उबुंटूतूनही पानं दिसेनात! ती गेली समजून मी त्यातली बरीच पुन्हा तपासली.

पानं होती तिथेच. एखाद्या डिरेक्टरीवर काही माउंट केलं की तिच्यातलं आधीचं सगळं खाली झाकलं जातं. पुसलं जात नाही. अनमाउंट केलं आणि सगळी वर आली. मग त्या डिरेक्टरीवरची लिहिण्याची परवानगीच काढून टाकली, म्हणजे शेअर नसेल तेव्हा सेव्ह होणारच नाही. आता एकेका पानाच्या दोन प्रती आहेत, एकीत ‘की’ हा शब्द दुरुस्त, दुसरीत नाही. डिफ लावून त्या जुळवणं अजून चालू आहे.