तीन महिने, मग सहा महिने

दारू सुटल्याच्या साक्षी मी पुष्कळ ऐकल्या आहेत. प्रार्थनासभेत माणूस उभा राहतो आणि सांगतो, अमुक दिवशी प्रभूने स्पर्श केला नि त्याच क्षणी बाटली सुटली. तो खोटं बोलतो असं मी म्हणणार नाही. पण आमच्या घरी तसं झालं नाही. म्हणून मला डब्लिनचा मॅट टॅलबट जास्त जवळचा वाटतो.

हा साधा मजूर. जन्म १८५६ चा. बाराव्या वर्षी दारूच्या व्यापाऱ्याकडे कामाला लागला आणि तिथेच चव लागली. पुढे सोळा वर्षं पगार थेट गुत्त्यात. एकदा तर रस्त्यावर वाजवून पोट भरणाऱ्या एका गरीब वादकाचं फिडल चोरून त्याची दारू प्यायला! १८८४ साली एका शनिवारी खिसा रिकामा, म्हणून गुत्त्याबाहेर उभा राहिला. ज्यांना आजवर पाजली त्यांतल्या एकानेही "चल" म्हटलं नाही. घरी येऊन आईला म्हणाला, मी शपथ घेतो.

किती दिवसांची? तीन महिन्यांची! मग सहा महिन्यांची. मग जन्माची.

रोज कामाआधी पहाटे मिस्सा. खिशात पैसे ठेवायचे नाहीत, कारण पैसे असले की पाय गुत्त्याकडे वळतात. त्या फिडलवाल्याला त्याने खूप शोधलं. सापडला नाही, तेव्हा त्याच्यासाठी मिस्सा अर्पण केल्या. ७ जून १९२५ रोजी मिस्सेला जातानाच रस्त्यात कोसळला. अंगावर कपड्यांखाली साखळ्या निघाल्या, प्रायश्चित्ताच्या. हे साखळ्यांचं मला काही पटत नाही. असो. १९७५ मध्ये पोपनी त्याला 'व्हेनरेबल' ठरवलं.

माझ्या धाकट्या भावाने तर सुरुवातच जन्माच्या शपथेने केली होती. वेदीसमोर, आईच्या डोक्यावर हात ठेवून, फादरांच्या साक्षीने... किती वेळा, ते मोजणं आम्ही सोडून दिलं. आमच्या वसईत लग्न असो की बाप्तिस्मा, पेल्याशिवाय पाहुणचार होत नाही. शपथ एका लग्नापर्यंत टिकायची.

मग कोणीतरी त्याला अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या मीटिंगला नेलं. ही चळवळ १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली. तिची मुळं ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती मंडळींत आहेत, पण तिथे कोणाला धर्म विचारत नाहीत. पहिल्या दिवशी घरी येऊन तो म्हणाला, "ताई, ते म्हणतात फक्त आज पिऊ नको. एवढंच."

मला एकदम प्रभूची प्रार्थना आठवली. लहानपणापासून म्हणतो आपण ती. तिच्यातही भाकर मागायची ती आजच्यापुरतीच, महिन्याची नाही! इतकी वर्षं म्हणूनही हे कधी कानात शिरलं नव्हतं. भाऊ त्यानंतरच खरा चर्चला जायला लागला. आधी जायचा तो आमच्या आग्रहाखातर.

आता एकोणीस वर्षं झाली. "सुटली का रे?" असं कोणी विचारलं की म्हणतो, "आज प्यायलो नाही." लग्नाघरी सरबताच्या पिंपाजवळ उभा असतो, पोरांना वाढत. भावजयीला मात्र अजून धाकधूक. त्याला यायला उशीर झाला की ती दारात येऊन उभी राहते. तो चिडत नाही. चपला काढायच्या आधी तिच्यासमोर जातो आणि तोंड उघडून "हाऽऽ" करतो.