पंचांग आणि होडी

सुटींत मुलेंमाणसें घेऊन कोठें जावें, हा प्रश्न प्रत्येक घरीं वर्षांतून एकदां तरी निघतोच. समुद्राची हौस सर्वांनाच असते. परंतु लहान मुलें व वृद्ध माणसें बरोबर असतां उघड्या समुद्रांत होडी घालणें कोणाही विचारी गृहस्थास रुचणार नाहीं. अशा कुटुंबांनीं खाडीची वाट धरावी. आमच्या कोंकणचा किनारा ठिकठिकाणीं खाड्यांनीं आंत वळलेला आहे. दोहों अंगांस डोंगर असल्यामुळें लाटेचें बळ मुखाशींच ओसरतें. यांपैकीं दाभोळची खाडी माझ्या चांगल्या परिचयाची आहे. तिच्याविषयींच चार शब्द लिहितों.

येथें वाशिष्ठी नदी समुद्रास मिळते. उत्तर काठावर दाभोळ, समोर दक्षिणेस धोपावें, आणि मुखाशीं अंजनवेलचा गोपाळगड. बहामनी राजवटींत हें मोठें भरभराटलेलें बंदर होतें, इ. स. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीजांनीं तें लुटलें व जाळलें. त्या गतवैभवाची साक्ष म्हणून धक्क्याजवळ जुनी घुमटाची मशीद उभी आहे. गांवांतील चंडिकेचें देऊळ खडकांत असून आंत समयांच्या मंद उजेडांतच दर्शन घ्यावें लागतें. २००३ सालापासून मोटारीसुद्धां पैलतीरीं नेणारी फेरीबोट चालूं झाली. ज्यांच्या घरीं पाण्याचें भय फार, त्यांनीं आधीं त्या बोटीनें पैलतीरीं जाऊन यावें व मग होडीचा विचार करावा.

आतां माझ्या हातून घडलेला एक प्रमाद सांगितला पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं वैशाख वद्य प्रतिपदेस आम्ही सहा माणसें होडीनें खाडीच्या वरच्या अंगास गेलों. जन्मभर शाळेंत घालविलेली. तेव्हां वेळापत्रक केल्याशिवाय मला चैन कोठलें पडणार? फराळ किती वाजतां, वामकुक्षी किती वाजतां, सारें कागदावर लिहिलें होतें. शेवटीं ‘चार वाजतां प्रयाण’ असें होतें. दोन वाजतांच तांडेल येऊन म्हणाला, “गुरुजी, निघायला हवं. पाणी उतरायला लागलं.” मीं त्यास कागद दाखविला! तो बिचारा निमूटपणें होडींत जाऊन बसला. आंब्याच्या सावलींत मुलांस दाभोळचा इतिहास सांगण्यांत मी रंगून गेलों होतों.

चारास निघालों आणि पाऊण तासांतच होडीचा तळ गाळांत रुतला. दोन्हीं बाजूंस काळाकुट्ट चिखल उघडा पडला होता. तीर हांकेच्या अंतरावर दिसत होतें, म्हणून मी धोतर खोचून उतरूं लागलों. तोंच तांडेलानें माझा दंड घट्ट धरला. “उतरूं नका, गुरुजी. गाळ कमरेपर्यंत ओढतो, आणि इथं मगरी आहेत.” वाशिष्ठीच्या खाडींत मगरी आहेत ही गोष्ट मला ठाऊक होती, पण त्या क्षणीं आठवली नाहीं. सूर्य मावळला. आमचें पिण्याचें पाणी संपलें. सहा वर्षांची नात तहानेनें रडूं लागली, तेव्हां त्या तांडेलानें आपल्या कळशींत उरलेलें पाणी तिला पाजलें व स्वतः कोरडाच राहिला. आमच्या घरच्या मंडळी तोंवर एक अक्षर बोलल्या नव्हत्या. चंद्र उगवला तसा त्याच्याकडे बोट करून त्या म्हणाल्या, “अहो, तीस वर्षें फळ्यावर हाच चंद्र काढून मुलांना भरती-ओहोटी शिकवलीत ना?” मला उत्तर सुचलें नाहीं. रात्रीं दहाच्या सुमारास भरतीनें होडी उचलली.

त्या दिवसापासून खाडीच्या सहलीचें वेळापत्रक मी पंचांगांत पाहून करितों. आमच्याकडील जुना हिशेब असा: पक्षांतील तिथीची पाऊणपट केली कीं पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां, द्वादशीस नऊ वाजतां. त्यानंतर सुमारें सवासहा तासांनीं पूर्ण ओहोटी. प्रतिपदेस भरती पाऊण वाजतां. म्हणजे आमचे चार वाजणें किती अशास्त्रीय होतें, तें वाचकांनींच पाहावें. हा हिशेब ठोकळ आहे. खाडींत जसजसें आंत जावें तसतशी भरती उशिरां पोंचते. म्हणून शेवटचा शब्द तांडेलाचा. शिवाय अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतें. पाणी फार चढतें व तितकेंच फार उतरतें. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती. तेव्हां ओढ कमी.

कुटुंबासाठीं मला द्वादशी सर्वांत सोयीची वाटते. सकाळीं सातास चढत्या पाण्याबरोबर निघावें, नवाच्या सुमारास वर पोंचावें, दहानंतर उतरत्या पाण्यानें परतून मध्यान्हीं धक्क्यास लागावें. दुपारीं समुद्रावरून खारा वारा सुटतो. तो उतरत्या पाण्याच्या समोरून आला कीं लाटा उठतात व मुलें घाबरतात. ऋतु मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंत उत्तम. पावसाळ्यांत तर होडीचें नांवही काढूं नये. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. आणि ती तर मोठी आगबोट होती.

सामानाची यादी लांबवीत नाहीं. प्रत्येकास, पोहतां येणाऱ्यासही, अंगावर बसणारें तरंगतें जाकीट, लागेल असें वाटतें त्याच्या दुप्पट पिण्याचें पाणी, टोप्या, आणि दशम्या, दहीभात, केळीं असे न सांडणारे पदार्थ. मुलांना हात पाण्यांत घालूं देऊं नयेत. घरीं राहिलेल्या एकास परतण्याची वेळ सांगून ठेवावी.

गेल्या माघांत द्वादशीस आम्ही पुन्हां त्याच तांडेलाबरोबर गेलों. एकादशीचें पारणें होडींतच झालें. कांदळांच्या मुळांवर बसलेला खंड्या मुलांनीं मनसोक्त पाहिला. दहा वाजतां मीं इतिहास अर्धाच सोडून प्रथम होडींत जाऊन बसलों. नातीनें आठवणीनें एक जादा कळशी भरून आणली होती. तिनें ती तांडेलाजवळ ठेविली व म्हणाली, “काका, ही तुमची.”