अंगणातला अडुळसा आणि डॉक्टरांची शुगर

"रोज अर्धा तास चाला" हे वाक्य मी गेली पंचवीस वर्षे पेशंटना ऐकवतो आहे. बावन्नाव्या वर्षी माझीच एचबीएवनसी ६.३ आली. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. खरे सांगतो, तो रिपोर्ट मी दोन दिवस ड्रॉवरमध्ये लपवून ठेवला होता.

चालायला जाणे मला कधीच जमले नाही. घरामागे थोडी जागा होती, तिथे हौसेने लॉन लावलेले आणि कुंड्यांमधून परदेशी शोभेची झाडे. चार दिवस गावाला गेलो की निम्मी वाळायची. उरलेल्यांवर कीड, म्हणून माळीबुवा दर पंधरवड्याला फवारणी करत. आईला जुना दमा आहे. एके दिवशी ती म्हणाली, "अरे, तुझा माळी येऊन गेला की रात्री मला पंप घ्यावा लागतो." एवढा साधा संबंध एमडी झालेल्या मुलाच्या लक्षात आला नव्हता!

त्या जूनमध्ये लॉन काढले. अडुळसा, निर्गुडी, कढीपत्ता, प्राजक्त आणि कोपऱ्यात बहावा लावला. फवारणी बंद.

खणणे, तण उपटणे, माती ओढणे हा मध्यम स्वरूपाचा व्यायामच आहे. आठवड्याला अशी १५० मिनिटे पुरतात. पण तो रोज घडायला हवा, आणि इथेच देशी झाडांचा मला उपयोग झाला. पहिली एक-दोन वर्षे उन्हाळ्यात त्यांनाही पाणी लागते. मात्र एखाद्या आठवड्यात दुर्लक्ष झाले तरी ती रुसत नाहीत. झाडे मेली की माणूस बाग सोडतो. माझी जगली, म्हणून मी टिकलो.

आठ महिन्यांनी एचबीएवनसी ५.९ झाली. रात्रीचा भातही निम्मा केला होता, त्यामुळे सगळे श्रेय बागेला देत नाही. आईचा दमा गेलेला नाही, रोजचा पंप चालूच आहे. फवारणीच्या रात्रीची ती धाप मात्र थांबली.

आता डॉक्टर म्हणून थोडे. अडुळशातल्या व्हॅसिसिनवरूनच खोकल्याचे ब्रोमहेक्सिन हे औषध तयार झाले. म्हणून दोन आठवड्यांहून जास्त टिकलेल्या खोकल्यावर घरी काढा करत बसू नका, थुंकी तपासून घ्या; तो टीबी असू शकतो. देशी म्हणजे निरुपद्रवी असेही नाही. गुंजेचे बी चावून पोटात गेले तर जिवावर बेतू शकते, लहान मुले असतील तर तो वेल नकोच. आणि पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, आपण देशी समजतो. ती मूळची अमेरिका खंडातली, तिच्या बिया हृदयाची गती बिघडवतात. मातीत हात घालण्याआधी धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले होते ते आठवा. कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा तरी घासून कोरड्या करा, डेंग्यूचा डास तिथेच वाढतो.

कढीपत्त्यावर सध्या लिंबू फुलपाखराच्या अळ्या आहेत. आई रोज सकाळी त्या मोजते आणि कुणाला पान तोडू देत नाही. आमटीसाठी कढीपत्ता आम्ही मंडईतून आणतो.