खर्ज कुठे गेला?

बेळगावहून इंदूरला सून म्हणून आले, त्याला आता सव्वीस वर्षे झाली. माहेरी गेले की अजून कुणीतरी विचारतेच, "तिकडे मराठी बोलायला मिळते का गं?" मिळते हो! होळकरांचे गाव हे. पिढ्यान्‌पिढ्यांची मराठी घरे आहेत इथे. आमच्या मराठीत हिंदी जरा जास्त मिसळलेली असते एवढेच. आणि गाण्याचे म्हणाल तर आपल्या सुळेभावीचे कुमार गंधर्व १९४८ मध्ये क्षयाच्या आजारामुळे हवापालटासाठी जिथे आले ते देवास इथून पस्तीसेक किलोमीटरवर. उस्ताद अमीर खाँ तर इंदूरचेच. बंबई बाजारातले त्यांचे घर जुनी माणसे अजून सांगतात. त्यामुळे माझ्या सासरी देवघराइतकीच कॅसेटच्या कपाटाची निगा राखली जायची, यात नवल नाही.

आज लिहायचे आहे ते मात्र एका अगदी किरकोळ वस्तूबद्दल. हेडफोनच्या वाट्यांना कानाच्या बाजूने जी गोल, मऊ कड असते ना, तिच्याबद्दल. दुकानात तिला इअरपॅड म्हणतात, कोणी कुशन म्हणते. आमच्या घरात तिचे नाव गादी. या गादीने आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, दोन महिने रडकुंडीला आणले होते.

अण्णांचे वय ऐंशीच्या घरात. घर लहान, नातवाची बारावी, सासूबाईंची झोप सावध. म्हणून त्यांचे रात्रीचे गाणे हेडफोनवर. हेडफोन बंद पाठीचा, कान पूर्ण झाकणारा. नणंदेने सहा-सात वर्षांपूर्वी पुण्याहून पाठवलेला. बंद पाठीचा अशासाठी की आतले बाहेर जात नाही आणि बाहेरचे आत येत नाही. ध्वनिमुद्रणाच्या खोलीतही गायकाला असाच देतात, नाहीतर त्याच्या कानातले संगीत माइकमध्ये शिरेल. अण्णांचे ऐकणे ठरलेले. खाँसाहेबांची १९६० साली निघालेली मारवा आणि दरबारीची एलपी. पूर्वी ती कॅसेटवर होती, आता नातवाने फोनवर घालून दिली आहे. रात्री दहाला दरबारी सुरू.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता ते एकदा चहा घेताना म्हणाले, "सूनबाई, खर्ज गेला."

मला वाटले फोन बिघडला असेल. पण त्यांचे म्हणणे वेगळे होते. दरबारी हा मंद्र सप्तकात राहणारा राग. खाँसाहेब खाली उतरत उतरत जातात आणि सगळा भार तिथे असतो. अण्णांना वरचे सगळे ऐकू येत होते, शब्द कळत होते. पण आवाज खाली उतरला की पोकळ व्हायचा, तबल्याचा दग्गा नुसता टपटप वाजायचा. घुमारा नाही. आणि त्यांनी मनाशी ठरवूनच टाकले, की कान गेले. त्यांच्या वडिलांचे गेले होते, आता यांचे. हळूहळू ते हेडफोन लावीनासे झाले. रात्री दहाला दिवा बंद. सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं, झोपतात तरी." पण ते झोपत नव्हते, नुसते पडून असायचे, हे त्यांनाही दिसत होते.

शेवटी ह्यांनी रजा काढली आणि आम्ही अण्णांना कानाच्या तपासणीला नेले. तपासणी करणारी मुलगी लहान होती, पण कामात पक्की. बंद खोलीत बसवून आधी तिने त्यांचा चष्मा काढायला लावला. मग हेडफोन कानांवर ठेवून, बोटाने कडा चाचपून, नीट बसवले. मी विचारले, "चष्म्याचे काय?" तर म्हणाली, काडीने गादी उचलली जाते, फट पडते, आणि मग खालचे स्वर ऐकू येत असूनही तपासणीत येत नाहीत असे दिसते. बायकांना ती कानातलेही काढायला सांगते.

तपासणीचा आलेख आला. अण्णांचे कान वयाप्रमाणे उतरले होते, पण वरच्या बाजूने. पक्ष्यांची किलबिल, कुकरची लांबची शिट्टी, "स" आणि "श" यांतला फरक, हे मागे पडले होते. खालचे स्वर त्यांच्या वयाच्या मानाने उत्तम होते. ती म्हणाली, वयाने कान जातात ते बहुतेक वरच्या, बारीक स्वरांपासून. ज्याला खालचाच स्वर येत नाही आणि वरचा येतो, त्याच्या कानाआधी त्याचा हेडफोन पाहावा. "आजोबा, पुढच्या वेळी घेऊन या."

पुढची वेळ कशाला? घरी येऊन मीच तो दिव्याखाली धरला. गाद्यांची दशा पाहण्यासारखी होती. वरचे काळे चामडे, म्हणजे चामड्यासारखे दिसणारे, जागोजागी सोलपटून आतले कापड दिसत होते. फोम बसून पापडासारखा चपटा झालेला. उजव्या गादीला चष्म्याच्या काडीची कायमची खाच पडलेली. मी अण्णांना हेडफोन लावायला सांगितले, दरबारी सुरू केली आणि दोन्ही वाट्या माझ्या तळव्यांनी त्यांच्या कानांवर हलके दाबून धरल्या. खाँसाहेब खाली उतरले. अण्णांनी माझ्याकडे पाहिले आणि हाताने खूण केली, सोडू नकोस. तशीच उभी राहिले मी दहा मिनिटे, हात भरून येईपर्यंत.

आता हे का होते, ते मैत्रिणींना समजेल अशा भाषेत सांगते. कुकरची रिंग जुनी झाली की काय होते? वाफ कडेने निसटते, दाब धरत नाही, शिट्टी होत नाही. हेडफोनची गादी म्हणजे ती रिंग. वाटीतला पडदा असतो केवढा, तर रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा. एवढासा पडदा मोठ्या स्पीकरसारखी खोलीभर हवा हलवू शकत नाही. त्याच्या हाती असते ती फक्त गादीने कोंडलेली, कानाभोवतीची चिमूटभर हवा. ती घट्ट कोंडलेली असेल तर तिच्यावर दाब देऊन तो खालचा स्वर सहज उभा करतो. फट पडली की हवा निसटते. बारीक स्वरांचे हेलकावे इतके जलद असतात की हवेला निसटायला वेळच मिळत नाही, म्हणून ते शाबूत राहतात. संथ हेलकाव्यांना मात्र वेळ मिळतो. पुरुष गायकाचा षड्ज काळी एक धरला तर सेकंदाला सुमारे १३८ कंपने. त्याच्या खालचा मंद्र षड्ज ६९. फटीतून आधी पळतात ते हेच. म्हणून अण्णांना मध्य सप्तक मिळत होते आणि खर्ज मिळत नव्हता.

गादी नुसती झाकणारी नसते, अंतरही राखते. फोम चेपला की पडदा कानाच्या जवळ येतो, आवाजाचा तोल बदलतो, आणि वर कानाची पाळी आतल्या जाळीला घासून दुखू लागते. अण्णा तासाभराने कान चोळायचे ते यासाठी. नव्या, जाड गादीने आवाज जरा लांबून, मोकळा येतो आणि डोक्यावरचा दाबही पसरून वाटला जातो. अरुंद, कडक गादीचा सगळा भार मात्र एका रेघेवर येतो, विशेषतः चष्मा असेल तर कानामागच्या हाडावर. हेडफोनची कमान सैल करून हा त्रास कमी होतो खरा, पण पुन्हा फट! आराम आणि आवाज यांचे असे आहे, सासू-सुनेसारखे; दोघींना खूश ठेवायचे म्हणजे कसरत.

तसे पाहिले तर गादी ही मागाहून आलेली चैन. अमेरिकेत नॅथनियल बाल्डविन नावाच्या गृहस्थांनी आपल्या स्वयंपाकघरात हेडफोन बनवले आणि १९१० मध्ये तिथल्या नौदलाने ते घेतले. त्या काळचे हेडफोन म्हणजे कानांवर टेकवलेल्या कडक टोप्या. संदेश ऐकायला तेवढे पुरे होते. गाणे ऐकायचे म्हटल्यावर गादीला भाव आला.

गाद्या सोलपटतात का, हेही मी शोधले. ते चामडे नसतेच. कापडावर पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेला असतो. ओल, घाम आणि तेल हे त्याचे तीन वैरी. हवेतल्या दमटपणाने तो थर आतून तुटत जातो, वापरा की न वापरा. माझ्या भावाने टिळकवाडीत फोनवर हे ऐकून कपाटातला आपला हेडफोन काढला, तर आपल्या बेळगावच्या दोन-तीन पावसाळ्यांनीच त्याचा भुगा केलेला. "अगं ताई, कानाला काळे खवले लागले, आई म्हणाली हे काय झालंय तुला!" इंदूरची हवा एरवी कोरडी, पण अण्णा रोज डोक्याला तेल चोपडतात. त्यावर मी काही बोलले नाही. ऐंशीव्या वर्षी माणसाचे तेल काढून घेऊ नये.

जुन्या गाद्यांचा आणखी एक धोका त्या तपासणीवाल्या मुलीने नातवाला बजावून सांगितला. गादी गळकी असली की खालचे स्वर कमी आणि रस्त्याचा गोंगाट जास्त. मग माणूस आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे असे की ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो आणि पुढे दर ३ डेसिबल वाढीला ती वेळ निम्मी होते. म्हणजे ८३ ला वीस तास, ८६ ला दहा. नातू त्या दिवसापासून स्वतःच्या हेडफोनच्या गाद्या तपासतो. निदान माझ्यासमोर तरी.

सासूबाईंनी आधी घरगुती उपाय केला. जुन्या मऊ लुगड्याची, इलॅस्टिक घातलेली झालर शिवून दोन्ही गाद्यांवर चढवली. काम सुबक, घाम टिपणारे, खवले पडायचे थांबले. पण कापडातून हवा जाते. खर्ज होता त्याहून अर्धा. अण्णांनी आठ दिवस काही न बोलता तसेच ऐकले, का ते मला माहीत आहे.

मग मी आणि नातू जेल रोडच्या डॉलर मार्केटला गेलो. दुकानदार म्हणाला, "भिया, पॅड काय बदलता, नवीन हेडफोन घ्या ना!" त्याचा धंदा आहे, त्याला दोष नाही. पण पडदे ठणठणीत असताना गादीपायी सगळे टाकून देणे मला रुचत नाही. उशी मळली म्हणून आपण पलंग विकत नाही. तिसऱ्या दुकानात जोड सापडला. जाताना जुनी गादी बरोबर नेली होती ते बरे झाले. गोल की लांबट, बाहेरचे माप, आतल्या भोकाचे माप, आणि मागची पट्टी वाटीच्या खाचेत बसते की नाही, हे सगळे जुळावे लागते. दिसायला सारख्या गाद्यांतही फरक असतो. आतले भोक लहान असले की कान आत मावत नाही. चामड्यावर बारीक छिद्रे असली की हवा खेळते, पण स्वर थोडा सुटतो. मखमली गादी कानाला थंड वाटते, वरच्या स्वरांची धार थोडी शोषून घेते आणि खर्जालाही गळती लावते. ज्यांना बातम्या किंवा कथाकथन ऐकायचे त्यांनी ती खुशाल घ्यावी. बोलणे त्यात छान कळते. आम्हाला हवी होती चामडी, उबेने मऊ होऊन कानामागच्या खळग्यात आणि चष्म्याच्या काडीभोवती बसणाऱ्या फोमची. तशी मिळाली. नातवाने हट्टाने मखमलीचाही एक जोड घेतला.

बसवायला दहा मिनिटे लागली, तीही एक पट्टी खाचेबाहेर येत होती म्हणून. पहिल्या दोन दिवशी फोम कडक होता, अण्णा म्हणाले, "डोकं चिमट्यात धरल्यासारखं होतंय." चौथ्या दिवशी तक्रार थांबली. रात्री पाणी प्यायला उठले तर पावणेबारा वाजले होते आणि त्यांच्या खोलीत दिवा होता.

मखमलीचा जोडही वाया गेला नाही. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा चामड्याच्या गादीखाली कान शिजून निघतात. नातू त्या महिन्यापुरत्या गाद्या बदलून देतो. तेवढे दिवस दरबारी बंद असते. अण्णा म्हणतात, गळक्या भांड्यात दूध कशाला तापवायचे? मे महिना कुमारांचा. त्यांचे वरच्या सप्तकात लखलखणारे गाणे मखमलीतूनही तितकेच येते, आणि सुळेभावीच्या माणसाचे गाणे लागले की अण्णा मला हाक मारून एक वाटी माझ्या कानाला लावतात.