पायऱ्या वाढलेला स्तंभ

मेक्सिको शहराच्या रुंद राजरस्त्यावर स्वातंत्र्याचा एक उंच स्तंभ आहे. १९१० साली तो उभारला तेव्हा त्याला ९ पायऱ्या होत्या. आज २३ आहेत. स्तंभ काही वाढलेला नाही! त्याचा पाया खोल, म्हणून तो जागच्या जागी राहिला. भोवतालची जमीन मात्र खचत गेली आणि १४ पायऱ्या नव्याने बांधाव्या लागल्या.

हे शहर मुळी सरोवरातले. अझ्टेक लोकांची राजधानी बेटावर होती. १५२१ साली स्पॅनिशांनी ती जिंकली आणि पुढे सरोवरच आटवले. उरली ती पाण्याने भिजलेली चिकणमाती. शहराची तहान भागवण्यासाठी जमिनीच्या पोटातले पाणी उपसावे, तसतशी ही माती दबत जाते. मग पाणी मिळाले तरी ती पूर्ववत फुगत नाही.

१९ सप्टेंबर १९८५ च्या भूकंपाचे केंद्र शहरापासून तीनशेहून अधिक किलोमीटर दूर, पॅसिफिक किनाऱ्याकडे होते. तरीही या मऊ तळावरच्या इमारती कोसळल्या आणि हजारो माणसे दगावली. खडकाळ भागातली घरे बहुतांशी वाचली.

आपण घर घेताना फरशी पाहतो, गच्ची पाहतो, स्टेशन किती लांब ते विचारतो. जन्माची पुंजी ओतण्यापूर्वी आणखीही विचारावे: इथे पूर्वी काय होते? तळे, ओढा, की भातखाचर? आसपासच्या विहिरींचे पाणी किती खोल गेले आहे? दलाल हे सांगणार नाही. त्या आळीतल्या एखाद्या आजोबांना विचारा, आणि जुना नकाशा मागवून पाहा.