होल्डरची काळी बाजू

माझ्या हातून एक फोटो जळाला. स्टुडिओवाल्यांच्या भाषेत फिल्मला उजेड लागला की ती 'जळते'. मी ती खिडकीपाशी बसून, भर दुपारी, मोठ्या कौतुकाने जाळली.

पावसाळ्याआधी माळा आवरायला काढला होता. गोणपाटात गुंडाळलेली एक काळी पेटी खाली आली. पुढचं झाकण पाडलं की त्याचाच पाटा होतो, त्यावर रुळ, रुळांवरून लेन्स पुढे ओढायची आणि मागोमाग चामड्याचा भाता उलगडत येतो. दादांचा कॅमेरा. (दादा म्हणजे अब्बांचे वडील. मराठी वाचकांनी थोरला भाऊ समजू नये.) दादा मुंबईत एका वर्तमानपत्राच्या डार्करूममध्ये कामाला होते. साठच्या दशकात छापखान्यातले फोटोग्राफर छोट्या, हलक्या कॅमेऱ्यांकडे वळले तेव्हा ही अवजड धुडं अडगळीत गेली. त्यातलं एक दादांनी पगारातून पैसे कापून घेतलं आणि गावी येऊन देवळ्यात पाच कंदीलजवळ स्टुडिओ टाकला. शाळेचे ग्रुप फोटो, लग्नं, पासपोर्ट. मोठी निगेटिव्ह असल्यामुळे टोकदार पेन्सिलीने चेहऱ्यावरचे देवीचे व्रण भरता यायचे, आणि गिऱ्हाईक त्यासाठीच यायचं.

गोणपाटात कॅमेऱ्यासोबत एकच होल्डर होता. होल्डर म्हणजे फिल्म धरणारी पातळ चौकट, दोन्ही बाजूंना एकेक फिल्म बसते आणि प्रत्येकीवर काळी सरकती पट्टी असते, तिला डार्क स्लाइड म्हणतात. म्हणजे एका होल्डरमध्ये फोटो दोनच. एका बाजूची पट्टी मी ओढली. आत काही नव्हतं. दुसरी ओढली, जरा अडकली, जोर लावला, कडेला चीर गेली आणि ती बाहेर आली. आत गुलाबीसर राखाडी रंगाचा कोरा कागदासारखा तुकडा. चित्र नाही, काही नाही. म्हटलं, न वापरलेली फिल्म असेल. उजेडात धरून उलटसुलट पाहिली.

अब्बा नमाजहून आले, माझ्या हातात पाहिलं आणि दारातच थांबले. 'बेटा, उसमें कुछ था,' एवढंच म्हणाले.

आता मला माहीत आहे ते तेव्हा माहीत नव्हतं. डार्क स्लाइडच्या मुठीची एक कड पांढरी असते, दुसरी काळी. पांढरी बाहेर असेल तर फिल्म कोरी. फोटो काढला की पट्टी उलटी करून घालायची, काळी कड बाहेर. त्या पट्टीची काळी कड बाहेर होती. आणि घेतलेला पण न धुतलेला फोटो डोळ्यांना दिसत नाही, तो रसायनात जाईपर्यंत फिल्म कोरीच दिसते. वर्षानुवर्षं अंधारात पडलेल्या फिल्मवर सुद्धा धूसर का होईना, पण चित्र निघू शकतं. मी ते निघायच्या आत पुसलं होतं.

त्यात दादी होती, असं अब्बांचं म्हणणं. दादी फोटोला बसत नसे. तस्वीर काढणं बरं नाही, हे तिने माहेरी ऐकलेलं, आणि नवरा फोटोग्राफर मिळाला तरी ते तिने सोडलं नाही. घराला फोटोंवर जेवण मिळतं हे तिला चालायचं, स्वतः मात्र भिंतीला पाठ करून उभी राहायची. दादांनी कधी वाद घातला नाही. हज झाला नाही, त्यामुळे पासपोर्टची वेळ आली नाही. मग अखेरच्या आजारपणात एकदा ती अंगणात बाजेवर बसली असताना दादांनी कॅमेरा मांडला आणि ती उठून गेली नाही. अब्बांनी हे शेवग्याच्या झाडामागून पाहिलं होतं. दादी गेली, दादांनी स्टुडिओ आवरता घेतला, आणि तो होल्डर कधी धुतला गेला नाही. का, हे अब्बांनी त्यांना विचारलं नाही. आमच्याकडे बापाला असलं विचारत नसत.

मी ती फिल्म तरीही धुतली. पूर्ण काळी आली. फक्त कडांना, जिथे होल्डरची पन्हळ तिला झाकून होती, तिथे केसाएवढी स्वच्छ रेघ चारी बाजूंनी.

त्यानंतर मला हा कॅमेरा चालू करायचाच होता. प्रायश्चित्त वगैरे शब्द नकोत. हात रिकामे ठेवणं जमत नव्हतं, एवढं खरं.

कॅमेरा आहे स्पीड ग्राफिक, अमेरिकेच्या ग्राफ्लेक्स कंपनीचा. 1912 पासून पुढे साठेक वर्षं या घराण्याचे कॅमेरे निघत राहिले. 1945 मध्ये इवो जिमावर झेंडा उभारणाऱ्या सैनिकांचा जो रोझेन्थालने घेतलेला फोटो याच जातीच्या कॅमेऱ्यातला. आपल्याकडचं मोठं नाव होमाई व्यारावाला. 1913 मध्ये नवसारीला जन्म, मुंबईत शिक्षण, 1942 पासून दिल्लीत नोकरी. साडी नेसलेली बाई हातात हे धूड घेऊन उभी आहे, असे त्यांचे फोटो तुम्ही पाहिले असतील. 1970 मध्ये त्यांनी कॅमेरा खाली ठेवला तो ठेवलाच. 2011 मध्ये पद्मविभूषण मिळालं, 2012 च्या जानेवारीत त्या गेल्या. त्यांचे फोटो पाहताना मी आता वेगळंच मोजतो. एका होल्डरमध्ये दोन फोटो, खांद्यावरच्या पिशवीत असे किती होल्डर मावतील? नेहरू कबुतर सोडतात, तेवढ्यात एक. पुढच्यासाठी होल्डर काढा, उलटा, पट्टी ओढा, शटर चढवा. तोवर कबुतर गेलेलं.

दादांचा कॅमेरा क्वार्टर साइजचा, म्हणजे सव्वातीन बाय सव्वाचार इंच. सगळी गोची इथे आहे. चार बाय पाच इंचाचे होल्डर आजही जगभर मिळतात, नवे बनतात. क्वार्टरचं माप मात्र मागे पडलं. मला हे न कळल्यामुळे पहिली खरेदी चुकली. ऑनलाइन दोन होल्डर मागवले, आले ते चार बाय पाचचे. कॅमेऱ्याच्या पाठीवर ठेवले तर लहान मुलाने बापाची चप्पल घातल्यासारखे दिसले. परतीची मुदत उलटली होती. ते अजून घरी आहेत, अम्मी त्यावर गरम पातेलं ठेवते.

मग मुंबई. चोर बाजार, मटण स्ट्रीट. तिथे जुने कॅमेरे आता हॉटेलांच्या सजावटीसाठी जातात, त्यामुळे भाव चालण्या-न चालण्यावर नाही, पितळेच्या चकाकीवर. ग्राफ्लेक्सचा फ्लॅशचा दांडा तर कॅमेऱ्याहून महाग. कारण 1977 च्या 'स्टार वॉर्स'मध्ये त्याच दांड्याची प्रकाश-तलवार केली होती, आणि तेव्हापासून हौशी लोक कॅमेरे उघडे पाडून दांडे घेऊन जातात. होल्डरला मात्र कुणी विचारत नाही. तीन फेऱ्यांत तीन क्वार्टर होल्डर मिळाले. दुकानदार म्हणाला, 'इसमें क्या फोटो-फ्रेम लगाओगे?' मी हो म्हटलं. खरं सांगितलं असतं तर भाव वाढला असता.

घरी येऊन पाहतो तर तिन्हींत काही ना काही खोट. माझ्या कॅमेऱ्याच्या पाठीत एक खाच आहे आणि होल्डरवर उंचवट्याची बारीक पट्टी लागते. ती खाचेत बसली की होल्डर हलत नाही आणि फटीतून उजेड शिरत नाही. मिळालेल्यांपैकी एक होता ग्राफ्लेक्सच्याच दुसऱ्या तऱ्हेच्या कॅमेऱ्याचा, त्यात सगळं उलटं. होल्डरला खाच, उंचवटा कॅमेऱ्याला. खाचेसमोर खाच आली तर धरणार कोण? उरलेले दोन काचेच्या प्लेटांच्या जमान्यातले. त्यात फिल्म ठेवली की ती आत लोळते, कारण जागा काचेच्या जाडीची आहे.

इथून काम गेलं आमच्या गल्लीच्या टोकाच्या वर्कशॉपमध्ये. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, फवारणीचे पंप, कांद्याच्या चाळीचे अँगल, असला सगळा कारभार. उस्तादांनी होल्डर हातात घेऊन अहिराणीत विचारलं, 'हाई काय शे?' मी समजावलं. त्यांनी पहिलं विचारलं ते बरोबर विचारलं: माप कुठून धरायचं?

कॅमेऱ्याच्या पाठीला घासलेली काच असते, चित्र तिच्यावर उलटं पडतं आणि ते पाहून फोकस लावायचा. मग काच बाजूला सारून तिच्या जागी होल्डर. तेव्हा काचेचा खरबरीत पृष्ठभाग जिथे होता, नेमकी तिथेच फिल्म यायला हवी. चार बाय पाचच्या होल्डरमध्ये ही खोली पाच मिलिमीटरच्या आसपास असते. माझ्या कॅमेऱ्याची आम्ही कुठल्या पुस्तकावरून घेतली नाही, कॅमेऱ्यावरूनच घेतली. पाठीवर पोलादी पट्टी आडवी ठेवली आणि पिस्टनची मापं घेणारा व्हर्नियर काचेपर्यंत खाली सोडला. तोच आकडा होल्डरमध्ये आला पाहिजे.

प्लेटच्या होल्डरांसाठी पत्र्याची खोळ केली. तीन कडा आत दुमडलेल्या, फिल्म त्यात सरकवायची आणि खोळ काचेच्या जागी ठेवायची. जुने लोक असंच करत, खोळी विकतही मिळत. पहिल्या खोळीची घडी जाड झाली, फिल्म एक मिलिमीटर मागे गेली आणि चाचणीत माणसाऐवजी त्याच्या पुढची कुंपणाची तार लख्ख आली. एका मिलिमीटरने माणूस जातो आणि तार येते. दुसरी खोळ पातळ पत्र्याची, कडा हातोडीऐवजी शिकंजात दाबून केलेली. ती जमली. दुसऱ्या तऱ्हेच्या होल्डरची खाच उस्तादांनी भरून घेतली आणि तिथे पितळेची पट्टी चिकटवली. पैसे घेताना म्हणाले, 'चालला तर माझा एक फोटो.' दादांच्या चिरलेल्या स्लाइडवर मी काळा कापडी टेप लावला. बाकीच्यांच्या तोंडाशी उजेड अडवणारी मखमल झिजली होती, तिथे अम्मीच्या जुन्या ब्लाउजची काळी मखमल गेली.

गळती तपासायला फिल्म वाया घालवायची नाही. फोटो छापायचा कागद कापून भरायचा, होल्डर कॅमेऱ्यात अडकवून उन्हात ठेवायचा आणि कागद धुऊन पाहायचा. काळा ओरखडा आला की त्या कोपऱ्यात फट. असे मी अकरा कागद घालवले.

राहिली फिल्म. त्याला उत्तर एक्स-रे. 10 बाय 12 इंचाच्या एका फिल्ममधून क्वार्टरचे सहा तुकडे निघतात. आता दवाखान्यांत डिजिटल आलं, त्याची कोरडी फिल्म आपल्या कामाची नाही. जुनी, रसायनात धुवायची हवी. सटाण्याच्या एका टेक्निशियन दोस्ताने मुदत संपलेलं खोकं दिलं. ही फिल्म लाल दिव्यात कापता येते, बाथरूममध्ये चादर लावून. फक्त मसाला दोन्ही बाजूंना असतो, ट्रेच्या तळाला घासली की ओरखडे पडतात, म्हणून तळाशी काच ठेवायची.

लाल दिवा चालतो कारण तिला लाल दिसत नाही. याचा अर्थ मला पहिल्या फोटोंत कळला. मार्केटच्या बाहेर कांद्याचा ढीग काढला, तो दगडी कोळसा आला. डाळिंबं काळी. उस्तादांचा फोटो दिला तर ते म्हणाले, 'एवढा काळा आहे का मी?' आणि तरी तो त्यांनी कंप्रेसरच्या वर लावला.

अब्बा बरेच दिवस बसायला तयार नव्हते. एका शुक्रवारी जुम्याहून आल्यावर स्वतःच खुर्ची अंगणात ओढली. शेवगा आता नाही, त्याच्या जागी पाण्याची टाकी आहे. मी कापडाखाली शिरून फोकस घेतला, होल्डर बसवला, शटर चढवलं. डार्क स्लाइड ओढायला विसरतोय हे अब्बांनी दाखवलं. बापाला पाहिलेलं होतं त्यांनी.

अब्बांची दाढी मेंदीची, भगवी-तांबडी. फिल्मला तो रंग कळला नाही. रात्री ट्रेमध्ये निगेटिव्ह वर आली आणि सकाळी छापली, तेव्हा पांढऱ्या कुर्त्यावर काळीभोर दाढी. अब्बांनी फोटो हातभर लांब धरला, चष्मा घातला, काढला. म्हणाले, 'मेंदीचे पैसे फुकट गेले.' मग फोटो घेऊन आत गेले आणि दुपारपर्यंत आमच्याकडे परत आला नाही.

जेवताना म्हणाले, 'आपा को बुलाते हैं.' आपा म्हणजे माझी फूफी, मालेगावला असते. सगळं घर म्हणतं, ती आता हुबेहूब दादी दिसते.

ती बकरी ईदला येणार आहे. दादांच्या होल्डरमध्ये दोन्ही बाजूंना फिल्म भरून ठेवली आहे, पांढरी कड बाहेर. होल्डर कपाटात आहे आणि कपाटाची किल्ली अब्बांकडे.